हवेतून निघालेलं पहिलं पाणी

मित्रांनो, मुखेडला सध्या आम्ही टँकरवर भागवतोय. संशोधन करणारी माझी लेक हवेतली वाफ शोषणारी पूड घेऊन घरी आलीय. प्रयोगशाळेत जमलेलं आपल्या कोरड्या हवेत जमेल का, हीच तिला धाकधूक.

रात्रभर उघडी ठेवलेली पूड तिनं सकाळी काचेच्या बरणीत बंद करून उन्हात मांडली. दुपारी काचेवर थेंब जमले, बरणीतच खाली ठेवलेल्या वाटीत उतरले. लेक वजनकाटा आणायला आत गेली, तेवढ्यात बायकोनं ते पाणी तुळशीला घातलं!

"आई, मोजायचं होतं गं ते!"

"नवं पाणी हाय. आधी देवाला नगं का?"

लेक हसली. "बरं, उद्याचं माझं."

बोअरला पाणी लागलं तरी आमच्यात पहिला तांब्या तुळशीलाच. देवानं या हवेतही पाणी ठेवलं, आणि ते शोधायला लेक दिली. आणखी काय मागू? तुमच्याकडं नवं पाणी आधी कुणाला?