‘बेघर’ नावाचा फोटो

आईचा तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला कंपनीच्या बसमध्ये. चाकणहून घरी परतत होते आणि मोशीला बस नेहमीसारखी अडकली होती. आमच्या बुद्धविहारातल्या एका मावशींनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्या चिंचवडला कुणाच्या तरी कार्यक्रमाला गेल्या होत्या, शेजारच्या दालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं म्हणून सहज डोकावल्या, तर भिंतीवर आमची आई. खाली मावशींनी लिहिलं होतं, ‘तुझी आई फेमस झाली गं!’

फोटो काळा-पांढरा होता. काळेवाडी फाट्याचा बसथांबा. आई उभी आहे, पदराचं टोक तोंडावर घट्ट दाबलेलं, डोळे पाण्यानं भरलेले. तिच्या बरोबर डोक्यावर नव्या बिल्डिंगची भलीमोठी जाहिरात, त्यात एक गोरंपान कुटुंब सोफ्यावर बसून हसतंय. फोटोखाली पाटी होती. मावशींच्या मोबाइलमध्ये ती तिरपी आली होती, पण वाचता येत होती. ‘बेघर’.

माझ्या आईनं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं उभं राहून पॅकिंग केलं. रहाटणीतला आमचा फ्लॅट तिच्या नावावर आहे. दारावरच्या पाटीवर आधी तिचं नाव आहे, मग माझं. फोटोतल्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडून येत होती. दाढ काढलेली, तोंडात कापूस, भूल उतरत चाललेली आणि बसचा पत्ता नाही. एवढंच.

माझं डोकं सणकलं. बसमध्ये शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसले.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण घरी पोचेपर्यंत मावशींनी तिलाही फोन केला होता. आईनं रविवारी ठेवणीतली साडी काढली आणि म्हणाली, “चल, बघून येऊ.”

दालनात फारशी गर्दी नव्हती. आई स्वतःच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून, लग्नात आहेराची भांडी बघावीत तशी. तेवढ्यात एक गृहस्थ शेजारी आले. त्यांनी आईकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि आईलाच समजावून सांगू लागले, “किती सोसलं असेल या बाईनं, बघा. डोळ्यांत सगळं उतरलंय.”

“दाढ काढली होती,” आई म्हणाली.

“अं?”

“दाढ. खालची. फार दुखत होती.”

ते गृहस्थ हसून पुढच्या फोटोकडे गेले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली बाई त्यांना दिसली नव्हती, कारण ती नीट केस विंचरून आली होती.

मग फोटोग्राफर आले. साठीच्या जवळपासचे, मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले, दर रविवारी पोरापोरींना घेऊन रस्त्यावर फोटो काढायला शिकवणारे. आईला ओळखताच त्यांनी हात जोडले. “आई, तुम्ही! काय चेहरा आहे तुमचा!” आई चक्क लाजली. मला आणखी राग आला.

“ही पाटी काढा,” मी म्हणाले. “ती बेघर नाही.”

“ताई, हा फोटो तुमच्या आईचा नाही. माणसाच्या एकटेपणाचा आहे.”

“चेहरा तर तिचाच आहे ना? तुम्ही तिला विचारलं होतं?”

“रस्ता सार्वजनिक असतो. आणि विचारलं की क्षण मरतो.” ते अजिबात चिडले नाहीत. मला ते जास्त झोंबलं. “तुम्ही कधी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरून बघा. मग बोलू आपण.”

मी काहीतरी जहाल बोलणार होते, तेवढ्यात आईनं मध्येच विचारलं, “मला एक कॉपी मिळंल का?”

परत येताना रिक्षात मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. पिंपरीच्या पुलावर आल्यावर तीच म्हणाली, “फोटो चांगलाय. नाव खोटंय.” आणि थोड्या वेळानं, “साडी नेमकी जुनी होती त्या दिवशी.”

पुढच्या महिन्यात मी कॅमेरा घेतला. कलेच्या ओढीनं वगैरे नाही, निव्वळ रागानं. त्या माणसाला दाखवून द्यायचं होतं. काय दाखवून द्यायचं होतं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पिंपरीत एक जुने कॅमेरा दुरुस्त करणारे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडून जुना कॅमेरा आणि त्याला लांबचं ओढून घेणारी मोठी लेन्स घेतली. मी कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन चूक शोधायची हेच माझं काम. फोटोत मला चुका लगेच दिसतील, म्हणजे लवकर जमेल, अशी माझी समजूत होती. चुका दिसल्या, पण फोटो जमेना. पहिल्या चार महिन्यांत माझ्याकडे नुसत्या पाठी जमल्या. भाजीवालीची पाठ, हवालदाराची पाठ, आळंदीच्या घाटावर आंघोळ करणाऱ्याची पाठ. समोरून काढलेले हललेले. न हललेल्यांत कुणाचे पाय कापलेले, कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला.

ते सगळं घेऊन मी चाचांकडे गेले. कॅमेरा खराब आहे अशी तक्रार होती माझी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक फोटो पाहिला.

“कॅमेरा ठीक आहे बेटा. तू झाडाच्या मागून काढते.”

“झाडामागून नाही काढत.”

“झाड नसेल. पण तू लपते. फोटोत दिसतं ना.” त्यांनी ती मोठी लेन्स काढून घेतली आणि एक छोटी, झूम नसलेली लावून दिली. “आता ज्याचा फोटो पाहिजे त्याच्याजवळ जायला लागेल. तो शिवी देईल तर ऐकायची.”

ऐकल्या. पिंपरीच्या बाजारात एका चपलावाल्यानं तर ग्राहकांसमोर मला झापलं. पण हळूहळू हात बसला. दुकानाच्या सावलीतून ऊन जिथे रस्त्यावर पडतं तिथे उभं राहायचं आणि माणूस त्या उन्हात येण्याची वाट पाहायची, हे कळलं. माणूस दिसल्यावर कॅमेरा वर न्यायचा नाही, आधीच डोळ्याला लावून उभं राहायचं. मग लोकांना आपला कंटाळा येतो आणि ते आपल्या कामाला लागतात. किती पावलांवरचं स्पष्ट यायला हवं ते आधीच ठरवून ठेवायचं. फोटोच्या चारही कडा बघायच्या, मधला माणूस सगळेच बघतात.

वर्षभरानं मी मोबाइलमध्ये आईचा तो फोटो पुन्हा उघडला. फोटो फार चांगला होता. जाहिरातीतल्या बाईचा हात बरोबर आईच्या खांद्यावर ठेवल्यासारखा दिसत होता. त्यासाठी तो माणूस गुडघ्यावर बसला असणार, अर्धा तास तरी थांबला असणार. माझी आई विव्हळत बसची वाट बघत होती आणि तो दोन हातांच्या अंतरावर बसून तिच्या हलण्याची वाट बघत होता. ‘काकू, काय होतंय?’ असं एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. आधी मला त्याच्या पाटीचा राग होता. आता त्याच्या कौशल्याचा यायला लागला.

याच सुमारास माझ्या हातूनही एक चांगला फोटो निघाला. आमच्या कंपनीच्या गेटवर. फर्स्ट शिफ्ट सुटताना कंत्राटी बायकांना रांगेत उभं करून डबे उघडायला लावतात. पार्ट चोरून नेतात की काय म्हणून. आम्हा ऑफिस स्टाफच्या बॅगा कुणी बघत नाही. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. एका बाईनं उघडा डबा गार्डच्या तोंडापुढे धरला, जवळजवळ त्याच्या नाकाला लावला, आणि तिच्या मागच्या सातही जणींच्या हातांत डबे तसेच उघडे. बटण दाबतानाच मला कळलं की हा आला.

गार्डलाही कळलं. तो रस्ता ओलांडून आला. “मॅडम, तुम्ही आपल्याच कंपनीच्या ना? डिलीट करा.”

“मी रस्त्यावर उभी आहे. रस्ता सार्वजनिक आहे.”

हे वाक्य कुणाचं आहे ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी बोलावलं. एसी चालू, टेबलावर बिस्किटं. “रस्ता सार्वजनिक आहे, मान्य,” ते म्हणाले. “नोकरी तर कंपनीचीच आहे ना? कंपनीच्या इमेजचा प्रश्न आहे. कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन या.” मी कार्ड आणलं. त्यांच्यासमोर बसून, माझ्या हातानं, मी तो फोटो पुसला. एका कागदावर सहीसुद्धा केली. बाहेर आले तेव्हा मला राग आला होता. त्यांचा नाही, स्वतःचाच. कॅन्टीनमध्ये न जेवता मी वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

त्या फोटोतली बाई मला दोन दिवसांनी पॅकिंगजवळ भेटली. तिचा फोटो मी वाचवू शकले नाही याची तिची माफी मागावी असं माझ्या मनात होतं. तिनं मला बोलूच दिलं नाही.

“ताई, बरं झालं पुसला. गावाकडं सासूला सांगितलंय मी, हापिसात कामाला हाय म्हणून. असं कुणी मोबाइलवर बघितलं असतं तर?”

“पण ते लोक तुमचे डबे...”

“तुमाला राग येतोय तर तुमी गेटवर भांडा ना. माझं तोंड कशाला लावता मधी?”

ती बॉक्सला टेप मारायला लागली. मी तिथेच उभी. मला तिचाही राग आला, खरं सांगते. मग बऱ्याच वेळानं कळलं की तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि मग राग काढायला कुणी उरलंच नाही.

त्यानंतर मी गेटवर भांडले. फोटो न काढता. आधी सुपरवायझरशी, मग लेखी. डब्यांची तपासणी थांबली नाही, पण आता रांगेऐवजी आत, पडद्यामागे, बाई गार्ड करते. ऑफिसातले काहीजण माझ्याशी तुटकच बोलतात. बोलोत.

कॅमेरा दोन महिने कपाटात होता. तो परत बाहेर निघाला एका सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात. त्या दिवशी मला सुट्टी होती, कॅमेरा दाखवायला मित्राच्या घरी निघाले होते. विकायचाच विचार होता. ट्रॅफिक असा जॅम की कंटेनर, बस, टेम्पो, सगळे इंजिन बंद करून उभे. पुढे एक स्कूटीवाली बाई एका मोठ्या गाडीच्या काचेवर हातानं थापा मारत होती. गाडीवाल्यानं गाडी उलट्या बाजूनं घुसवून सगळ्यांची वाट अडवली होती आणि काच वर करून आत फोनवर बोलत बसला होता. मी रिक्षातून उतरले. चार पावलांवर गेले. ती मान मागे टाकून ओरडत होती, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, काचेत तिचंच प्रतिबिंब तिच्यावर ओरडत होतं. मी काढला. तिनं वळून पाहिलं.

“काय काढतीस गं?”

“तुम्हाला. भांडताना.”

“दाखव.”

दाखवला. आजूबाजूला हॉर्नचा कल्लोळ, ती हेल्मेट काखेत धरून फोटो बघतेय. “ह्यो दिसतच न्हाई आतला,” ती म्हणाली. “त्याचं तोंड आलं पायजे. थांब.” आणि पुन्हा जाऊन काचेवर थाप मारली. या वेळी त्यानं काच खाली केली. या वेळी दोघंही आले.

मी तिला तो पाठवला. खाली काय लिहू असं विचारलं, तर तिनं सांगितलं तेच लिहिलं: ‘तळेगाव चौक. उलट्या बाजूनं आलेल्या गाडीवाल्याला मी बोलतेय.’

आता मी असेच काढते. टँकरपाशी, रेशनच्या रांगेत, बसच्या दारात. भांडणारी माणसं. जवळून. झाल्यावर दाखवते, नको म्हणाले तर तिथेच पुसते, आणि खाली जे घडलं तेवढंच लिहिते. फोटोच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, फार कर्कश आहेत, यांत करुणा नाही. गेल्या रविवारी मारुंजीत दोनशे फोटो काढले, त्यातला एक बरा आला. पाण्याच्या टँकरवाल्याला एक आजीबाई पाइपनं मारायला धावतेय. पाइप थोडा कापला गेलाय उजव्या कडेला. अर्धं पाऊल मागे उभी राहिले असते तर आला असता.