अब्बांचं दुपारचं जेवण

खिडकी लावल्याचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. रमजानच्या त्या दुपारी अब्बा भिंतीकडे तोंड करून भाकरी खात होते. लहानपणापासून त्यांनी एकही रोजा चुकवला नव्हता. यंदा मधुमेहाच्या गोळ्या वाढल्या आणि डॉक्टरांनी उपाशी राहायला सक्त मनाई केली.

उपाशी माणूस चिडतो म्हणतात. आमच्याकडे उलटंच झालं होतं. रोजे धरणारे आम्ही सगळे शांत होतो आणि वेळेवर जेवणारे अब्बा दिवसभर धुमसत होते. कुणी काही विचारेल म्हणून ते मशिदीतही जाईनात. नमाज घरातच, तोही दार लोटून.

"अब्बा, आजाऱ्याला सूट आहे. अल्लाहनंच दिलीय."

"ठाऊक आहे गं. पण घास उतरत नाही, त्याला काय करू? तू जा, खाताना बघू नकोस."

मी गेले नाही. त्यांच्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसले. ते फार सावकाश चावत होते.

संध्याकाळी अजान झाली. खजूर तोंडात टाकताच आम्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. मी अब्बांपुढे पाण्याचा पेला धरला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"तुम्ही रोजा सोडलात," ते म्हणाले. "मी काय सोडू?"