न्हाणीचे तीन थर

मिस्त्रीला सगळे नफोड्या म्हणायचे, आणि बापाने ठेवलेल्या नावापेक्षा त्याला हेच नाव जास्त प्यारं होतं. दुसरे मिस्त्री घरात शिरले की आधी घण काढतात. जुनी फरशी फोडायची, डबर पोत्यांत भरून खाली न्यायचं, आठवडाभर डाळतांदळात धूळ आणि शेजारणीच्या शिव्या. नफोड्याच्या कामात यातलं काही नाही. जुन्या फरशीला छिन्नीने टोचे मारले, वर सिमेंटचा घोळ ओतला, त्यावर वाळू-सिमेंटचा थर टाकून नवी टाइल बसवली की झालं. दोन दिवसांत न्हाणी नवी.

"दात न काढता कवळी बसवतो मी," तो गिऱ्हाइकाला सांगायचा.

फोडण्याचा त्याला राग होता, त्यालाही कारण होतं. ऐन विशीत तो एका मोठ्या मिस्त्रीकडे डबर वाहायला होता. चौथ्या मजल्यावरून पाठीवर पोतं घेऊन उतरताना पोतं फाटलं, पाय सरकला, आणि तो आणि अर्धी न्हाणी बरोबरच खाली आले. कंबर जी धरली ती कायमची. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ठरवलं, की आपण फोडायचं नाही आणि वाहायचंही नाही. जे आहे त्याच्यावरच नवं चढवायचं.

डोकं मात्र तल्लख. स्वयंपाकघराच्या कपाटांची दारं बदलायला कोणी निघालं की तो म्हणायचा, "लाकूड चांगलंय, नुसता रंग द्या आणि मुठी बदला." टाइलच्या सांध्यांत काळं धरलं असेल तर दात घासायचा जुना ब्रश आणि वाटीभर पांढरं सिमेंट. गळक्या नळाला नवा नळ कधी नाही, आतला वायसर बदलायचा. दुकानात उरलेल्या, कडा उडालेल्या टाइल पोत्याने आणून त्यांच्या तुकड्यांची अशी फरशी जुळवायचा की लोक चपला काढून आत यायचे. या कामांत खोट नव्हती. कमी पैशांत घर उजळवावं ते नफोड्यानेच. फक्त न्हाणीवर न्हाणी चढवताना खाली काय आहे, ते त्याने वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं तर फोडावं लागलं असतं.

त्याची मोठी बहीण त्याच गल्लीत, एका जुन्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहायची. गल्लीतले कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. तिची न्हाणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच, मध्ये एक पातळ भिंत आणि दार. रोज सकाळी तीन तास ती त्या न्हाणीत पाटावर बसून कपडे घासायची. वर्षापूर्वी न्हाणीच्या छताचे पोपडे धुतलेल्या कपड्यांवर पडायला लागले, तेव्हा भावाने एका दुपारात छताला खालून पांढऱ्या पीव्हीसी पट्ट्या मारून दिल्या होत्या. छत इतकं गुळगुळीत दिसायला लागलं की ताईने दोन शेजारणींना बोलावून दाखवलं.

एका मंगळवारी सकाळी ताईचा निरोप आला. न्हाणीचं दार अडतंय, येऊन तासून जा.

तो रंधा घेऊन गेला. फरशी उचलली की दार अडतं, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक. थरामागे दोन बोटं दाराचा तळ तासायचा, हे त्याचं ठरलेलं. सवयीने तो खाली वाकला. दाराखालून त्याची करंगळी सहज आत गेली. तळ मोकळा होता.

"अगं, खाली तर अडत नाही."

"मी कुठे म्हटलं खाली अडतंय? अडतंय म्हटलं," ताई बादलीत कपडे बुचकळत म्हणाली. "वीस वर्षं दारं तासतोस आणि दार कुठे अडतं ते बहिणीने सांगायचं?"

त्याने वर पाहिलं. दाराच्या वरच्या कडेचा रंग घासून गेला होता, आतलं लाकूड दिसत होतं. चौकटीची वरची पट्टी मधोमध खाली वाकली होती. चौकटीला तर कोणी हातही लावला नव्हता. वरून दाबल्याशिवाय चौकट वाकत नाही. आणि चौकटीच्या वर होतं फक्त छत.

त्याने रंधा खाली ठेवला.

"ताई, जरा बाहेर ये. स्टूल ठेवायचंय."

ती कुरकुरत बाहेर आली. त्याने दारातच स्टूल ठेवलं, आत ठेवलं नाही. मग वर चढून हात लांब केला आणि पेचकसाने पीव्हीसीच्या पहिल्या पट्टीची कड उचकली. पट्टीवर कसलंतरी वजन होतं. फटीतून मूठभर ओली माती खाली आली, तिला गंजाचा वास होता. त्याने मोबाइलचा उजेड आत टाकला. छताचा गिलावा सुटून, ताटाएवढी ढपली होऊन, पट्ट्यांवर आडवी पडली होती. तिच्या वर सळया उघड्या होत्या. सळया कसल्या, गंजून फुगलेल्या काड्या. आणि एका सळईच्या टोकाला पाण्याचा थेंब धरला होता. तो पडला. लगेच दुसरा धरला.

वरून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. वरच्या घरातली म्हातारी अंघोळीला बसली होती.

तो स्टुलावरून हळूच उतरला. पाय जोरात टेकवायचीही त्याला भीती वाटली.

"ताई, चप्पल घाल. रस्त्यावर जाऊन उभी राहा."

"दार अडतंय म्हणून बोलावलंय तुला, मला घराबाहेर काढायला नाही."

"चल म्हणतो ना."

"कपडे भिजत घातलेत."

"भिजू देत."

"लोकांचे आहेत, लेका. रंग गेला तर तू देणार आहेस का?"

त्याने तिचं मनगट धरलं आणि ओढलं. लहानपणापासून तिनेच त्याला ओढत नेलं होतं, कधी शाळेत, कधी डॉक्टरकडे, एकदा चावडीवरून कान धरून. एरवी तिने थोबाडीत दिली असती. पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट चालायला लागली. ती निमूट झाली, त्यामुळे तो आणखीच गांगरला.

वरच्या घरात शिलाईचं काम करणाऱ्या बाई राहायच्या, त्यांची सासू आणि त्या. तिथली न्हाणी नफोड्याने तीनदा नवी केली होती. एकदा आधीच्या भाडेकरूंसाठी, एकदा या बाई राहायला आल्या तेव्हा, आणि दोन वर्षांपूर्वी सासूबाई घसरून पडल्या तेव्हा खरखरीत टाइल घालायची म्हणून. मूळच्या फरशीवर तीन थर. तीनही बसवताना त्याने शीळ घातली होती.

मशिनीवरून मान वर न करता बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आज इकडे कुठे?"

"सासूबाईंना बाहेर बोलवा. हळू. भिंतीला लागून चालायला सांगा, मधे पाय नको."

"का, साप निघाला का?"

"खालचं छत सुटलंय."

"सुटलंय म्हणजे?"

"म्हणजे सासूबाई ताईच्या न्हाणीत उतरतील."

बाईंनी हातातलं कापड तसंच मशिनीवर सोडलं. दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "आत्ता कुठे अंगावर पाणी घेतलंय. मिस्त्री असो नाहीतर मंत्री, बाहेर थांबायला सांग."

"आई, साबण राहू द्या. नेसा आणि या."

"डोळ्यांत गेलाय."

नफोड्या उंबऱ्याशी उभा राहून आतल्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून होता. स्टूल सरकलं. बादली सरकली. काहीतरी ओतलं. हात धरून ओढण्याचीही सोय नव्हती. बाई दार किलकिलं करून आत हात घालून होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या, "भिंतीला हात लावा. हं. असंच. पुढे नको, कडेने." म्हातारी फेस तसाच ठेवून, अंगाला लुगडं गुंडाळून बाहेर आली आणि नफोड्याला म्हणाली, "घसरणार नाही म्हणाला होतास ना?"

तो तिच्या खांद्यावरून आत बघत होता. आत कोपऱ्यात दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. दोनशे किलो. फरशीवर ओतता येत नव्हतं, बादल्या भरायला आत उभं राहता येत नव्हतं. त्याने पिशवीतून लेव्हल बघायची पारदर्शक नळी काढली, उंबऱ्यावर पोटावर आडवा झाला, एक टोक ड्रममध्ये सोडलं, दुसऱ्या टोकाने तोंडाने पाणी ओढलं आणि ते टोक खोलीच्या खिडकीतून खाली सोडलं, म्हणजे ड्रम आपोआप रिता होईल. पोटाखाली फरशी गार होती. ती आपल्याच हाताने बसवलेली फरशी पोटाला थरथरल्यासारखी वाटली. थरथरत तोच होता.

गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू होतं. तिथल्या मुकादमाने काही न विचारता लोखंडी टेकू आणि फळ्या दिल्या, बरोबर आलाही. ताईच्या दारातून त्याने छताकडे एकदा पाहिलं.

"मी आत येणार नाही," मुकादम म्हणाला. "मला बायको आहे."

"मलाही आहे."

"मग तूही जाऊ नकोस."

नफोड्या गेला. खाली फळी, वर फळी, मध्ये टेकू. टेकूचा आटा फिरवत फळी छताला भिडवायची, पण जोर लावायचा नाही. जोराने उचललं तर सुटलेलं सगळंच खाली येईल. पाव फेरा, थांब. पाव फेरा, थांब. वरून बारीक वाळू मानेवर पडत होती. तिसऱ्या टेकूला आत काहीतरी कटकन वाजलं आणि त्याला तिथेच लघवी झाली. पाय ओले झाल्याचं त्याला कळलं, पण आट्यावरचा हात त्याने सोडला नाही. चौथा टेकू लागला तेव्हा बाहेरून ताईचा आवाज आला, "आता ये बाहेर. ये म्हणते ना."

दुपारी घरमालकाने पाठवलेली इंजिनिअर बाई आली. पेनाने सळई टोकरली तर गंजाचे पापुद्रे सुटले.

"वरचे थर कोणी घातले?"

"मी."

"तीनही?"

"तीनही."

"आणि हे खालून झाकलं कोणी?"

"तेही मीच."

"गुणाचा आहे आमचा," रस्त्यावरून ताई म्हणाली.

इंजिनिअर बाईने जास्त फोड केली नाही. एका थराचं वजन चार माणसांएवढं, म्हणजे बारा माणसं वर उभी होती, असं म्हणाली. जेवायला न गेलेली, कधी न बसलेली बारा माणसं. आणि सगळ्यांत खालच्या फरशीखाली पाइपाचा सांधा गळत होता, तो त्यांनी पायाखाली झाकून ठेवला होता. तिने हुकूम दिला, वरून थर उतरवायचे, घण नको, हाताने, तुकडा तुकडा, आणि फोडणाऱ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या फळ्यांवर बसायचं.

फोडायला दुसरा कोणी तयार होईना. नफोड्या चार दिवस फळीवर बसून छिन्नीने आपलीच न्हाणी खरवडत होता. खरखरीत टाइल, मग निळी, मग पांढरी. डबर त्याने स्वतः पाठीवर वाहिलं, धरलेल्या कमरेनिशी. ताई त्याच्या घरी राहायला गेली आणि तिथून रोज एकच विचारायची, "पडलं का?" तो नाही म्हणायचा. "मग जेव," ती म्हणायची.

पाचव्या दिवशी शेवटचा थर आणि त्याखालची मूळची फरशीही उतरली आणि टेकूंवरचा भार हलका झाला. इंजिनिअर बाईने सांध्याचा फोटो काढला, मग विचारलं, "या इमारतीत अशा किती न्हाण्या केल्यात तुम्ही?"

"नऊ."

"आणि बाहेर?"

तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

त्याच संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे त्याचे दोन थर होते, आणि खालच्या घरात त्या न्हाणीखाली एक जोडपं तान्ह्या लेकरासह झोपायचं. साखळी न काढता फटीतून घरधनी म्हणाला, "खालचं कळलं आम्हाला. पण आमचं चांगलंय. एक टाइल हललेली नाही."

"ती हलत नाही हो, खालचं सुटतं. एकदा बघू तर द्या. फक्त एक टाइल काढतो."

"फोडायचं?" माणूस हसला. "मिस्त्री, तुम्ही? अहो, तुम्हीच म्हणालात, दहा वर्षं इकडे बघायला नको."

"चुकीचं म्हणालो."

"तेव्हा खरं होतं की आत्ता खरंय? घाबरलाय तुम्ही. घरी जा, विश्रांती घ्या."

दार लागलं. नफोड्या जिन्यात हातात छिन्नी घेऊन उभा राहिला. खालच्या मजल्यावर लेकरू रडत होतं, कोणीतरी त्याला थोपटत होतं. दाराआड नळ सुटला आणि ड्रम भरायला लागला.

तो एक मजला उतरला, आणि रडणाऱ्या लेकराच्या दाराची कडी वाजवली.