गळलेली पिसं

अबुधाबीत मी पक्ष्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. एका सकाळी साठीच्या एक अरब बाई हातमोज्यावर ससाणा घेऊन आल्या. त्याच्या पंखातली दोन पिसं मोडली होती.

अशा वेळी आम्ही दुसऱ्या पक्ष्याची पिसं जोडतो. मी पिसांचा डबा उघडला, तेवढ्यात बाईंनी पर्समधून कापडी पुरचुंडी काढली. "इसी के हैं," त्या इथल्या जुन्या लोकांसारख्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. गेल्या वर्षी त्याची गळलेली सगळी पिसं त्यांनी जपून ठेवली होती.

डॉक्टरांनी पक्ष्याला गुंगी देऊन ती जोडली. गुंगी उतरेपर्यंत बाईंनी पक्ष्याला छातीशी धरून ठेवलं.

मी विचारलं, "ये सब किसने सिखाया?"

"बाबा ने. जवानी में वो गर्मी में समुंदर से मोती निकालता था, सर्दी में बाज़ लेके शिकार."

शेजारी बसलेल्या एकाने विचारलं, "बेटे का बाज़ है?"

"बेटा बँक में है," त्या शांतपणे म्हणाल्या. "शिकार मैं करती हूँ."

पक्ष्याने हातमोज्यावर उभं राहून पंख पूर्ण पसरले. बाईंचा हात जरासुद्धा हलला नाही. त्या निघाल्या तेव्हा मी पुढे होऊन दार उघडून धरलं. एरवी मी कुणासाठी तसं करत नाही.