पायलीवरची शीग

पोलादपूरला एसटीच्या टपावर माझी वळकटी चढली तेव्हा बाबा म्हणाले, "मोजायलाच जायचं, तर इथं भात काय कमी हाय?" आई हसली नाही. "परत कधी येशील रे?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, "यंत्र बनवतो, एक मोजणी करतो, की आलोच."

आपल्या गावी, कापड्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, ती मोजणी कसली ते सांगतो. न्यूट्रॉन नावाचा कण अणूच्या गाभ्यात सुखाने नांदतो. बाहेर एकटा पडला की पाव तासाच्या आसपास टिकतो आणि फुटतो. त्यातून प्रोटॉन निघतो. पण नेमका किती टिकतो? या प्रश्नाने मला पार कॅनडाला नेलं. तिथल्या अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा झोत माझ्या पितळी पेटीतून जायचा. पेटीत जे फुटतील त्यांचे प्रोटॉन विजेच्या ओढीने खेचून मोजायचे. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, इतरांच्या मोजणीशी आकडा पटला की घरी जा.

आकडा काही पटेना. प्रोटॉन नेहमी जास्तच. पेटीतली हवा काढणारा पंप बदलला, प्रोटॉन मोजणारा काउंटर बदलला. बाहेरचं बर्फ वितळून पुन्हा पडलं. आईला 'आलोच' म्हणून बसलेलो, आणि इथे हे त्रांगडं. जाम वैतागलो होतो.

एका रविवारी घरमालकीणबाई केकसाठी कपाने मैदा मोजत होत्या. कपावर आलेला ढीग त्यांनी सुरीने सपाट कापला, आणि मला आमचं खळं आठवलं. बाबा विकायचं भात पायलीवर हात फिरवून सपाट मोजत. आई मात्र गड्यांना देताना वर शीग लावायची, ओघळेपर्यंत. पायली तीच, भात जास्त. अरेच्चा, माझी पेटी आईसारखी मोजत होती! विजेची ओढ पेटीच्या दोन्ही तोंडांतून, झोत शिरतो आणि निघतो तिथून, बाहेर फुगत होती आणि बाहेर फुटलेल्यांचेही प्रोटॉन आत घेत होती. मी दोन्ही तोंडांवर बारीक तारेची जाळी बसवली. शीग उतरली, आकडा पटला, मी घरी आलो.

"झालं मोजून?" आईने विचारलं.

"एक झालं. आता त्याहून बारीक मोजायचंय."

ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. मला फार वाईट वाटलं, पण ते बारीक मोजायची हौसही सुटत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या पिशवीत तांदूळ मोजून घातले, प्रत्येक माप शीग लावून. कधी येशील हे या वेळी विचारलं नाही. म्हणाली, "हे संपले की ये."

आता कॅनडात माझं घर म्हणजे फळीवरची ती पिशवी. ती लवकर संपावी म्हणून मी एकट्यासाठीही शीग लावूनच भात टाकतो.