कंपनीकडून आलेला आहेर

कंधारची शिवकन्या मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायची. एका कंपनीनं तिला फुकट मिक्सर धाडला. तिच्या लिंकवरून कुणी घेतला की तिला कमिशन. पण नियम असा, की हे बघणाऱ्यांना आधीच सांगायचं. ती घाबरली. "बाया म्हणतील, पैसे घेऊन गोडवे गाऊन राहिली. कोण इस्वास ठेवंल?"

तिचे वडील रामलिंग गावच्या लग्नांत माईकवर आहेर पुकारायचे. ते म्हणाले, "आगं, आहेर काय लपवून घेतेत व्हय? चालू कर मोबाईल!" अन् लाइव्ह सुरू होताच घसा खाकरून गरजले, "कंपनीकडून शिवकन्येला एक मिक्सर! लिंकवरून घ्याल तर कमिशन बी हाय होऽऽ!"

बाया हसून हसून बेजार. एकीनं लिहिलं, "आहेर पोचला, माय. आता खरं सांग, चटणी बारीक होती का?"

"न्हाई, खोबरं तसंच राहतंय!" शिवकन्या खिदळत म्हणाली.

आता बाया आधी रामलिंगचा पुकारा मागतात, मग चटणी बघतात.