मिसबाताईंनी पत्ता बदलला

मिसबा तांबोळी चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. विश्रांतवाडीतल्या समुपदेशन केंद्रात त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. गेला अख्खा उन्हाळा मिसबाताई फार हळू बोलत होत्या.

केंद्र म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू पाहणाऱ्या बायका तिथे येतात. मिसबाताई केंद्रप्रमुख, आणि तेजस्विनी नावाची तरुण समुपदेशक त्यांच्या हाताखाली. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष दत्तप्रसाद गुळवणी. त्यांचा मालवाहतुकीचा धंदा आहे, वाघोलीत ऑफिस आहे, आणि समाजकार्याची आवड आहे, असं ते स्वतःच सांगतात.

रुपाली या केंद्रात आली ती फेब्रुवारीत. यवतमाळकडची मुलगी, लग्न करून वाघोलीत आलेली. नवरा, शुभंकर, कारखान्यात सुपरवायझर. रोज रात्री तिचा फोन तपासायचा, बिलावरचे नंबर ताडून बघायचा. म्हणून मिसबाताईंनीच तिला सांगितलं होतं, फोन करू नकोस, मेल कर आणि पुसून टाक. मेल कोणी बघत नाही.

एप्रिलमध्ये रुपाली घर सोडून लोणी काळभोरला आपल्या मैत्रिणीकडे, कौशल्याकडे गेली. तिथून कौशल्याच्या मोबाइलवरून तिने केंद्राला मेल केला: मी कुठे आहे, कोणाच्या घरी आहे, वकीलबाई कधी भेटतील. दुसऱ्या दिवशी दुपारी शुभंकर त्या दारात उभा राहिला. शेजारचे धावून येईपर्यंत रुपालीचं मनगट मोडलं होतं.

मिसबाताई हडपसरच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा हाताला प्लास्टर घालून झालं होतं. बाहेरच्या बाकावर कौशल्या बसली होती. पत्ता फुटला कसा, असं त्यांनी तिला विचारलं, आणि विचारताना त्यांच्या सुरात संशय होता. कौशल्या उठून उभी राहिली.

"आमच्यातनं कुनी सांगितलं न्हाय, बाई. तुमच्यातनं बघा."

मिसबाताईंनी पाहिलं. म्हणजे तेजस्विनीने पाहिलं, आणि फार शोधावंही लागलं नाही. केंद्राचं मेल खातं संस्था सुरू झाली तेव्हा गुळवणींनी काढून दिलेलं. त्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर जात होती. तिथे ते मेल गुळवणी वाचतच नव्हते. त्यांचा कारकून वाचायचा. कारकून शुभंकरच्या गावचा होता.

इतकी वर्षं किती बायकांनी काय काय लिहिलं होतं, ते मिसबाताईंना आठवत गेलं. मग रिक्षा करून थेट वाघोलीला गेल्या.

गुळवणींनी चहा मागवला. अध्यक्ष या नात्याने लक्ष ठेवायला नको का, असं त्यांचं म्हणणं पडलं. कारकून चांगला मुलगा आहे, संसार मोडू नये म्हणून काळजीपोटी बोलून गेला, त्याला समज दिली आहे. आणि मुळात एवढं लपवण्यासारखं आपल्या संस्थेत आहे काय?

"बायका आहेत," मिसबाताई म्हणाल्या. "आपण बायका लपवतो, गुळवणीसाहेब. तेवढंच आपलं काम आहे."

चहा न घेता त्या परतल्या. प्रत जाणं तेजस्विनीने त्याच दिवशी बंद केलं, पण त्या खात्यावर आता एकही ओळ लिहायची मिसबाताईंची तयारी नव्हती. नवीन जागा हवी होती, आणि ती त्यांना पारखून घ्यायची होती.

गुळवणींनी सारवासारव म्हणून ओळखीच्या कंपनीचा माणूस पाठवला. त्याने लॅपटॉप उघडून कुलपांची चित्रं दाखवली. लष्करी दर्जाची सुरक्षा, शंभर टक्के गुप्तता, मोठमोठे ग्राहक. मिसबाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, आम्ही पासवर्ड विसरलो तर? काळजीच नको, तो म्हणाला, एक फोन करा, आम्ही नवीन पासवर्ड देऊ, सगळे जुने मेल जसेच्या तसे दिसतील.

"म्हणजे तुम्हाला उघडता येतात."

तसं नाही मॅडम, आमची माणसं विश्वासातली आहेत, असं तो म्हणाला. विश्वासातल्या माणसांचा अनुभव आम्हाला आहे, असं म्हणून मिसबाताईंनी त्याला दार दाखवलं.

मग त्या आणि तेजस्विनी स्वतःच शोधायला बसल्या. अशा मेलसेवा बऱ्याच होत्या आणि प्रत्येकीच्या पानावर तेच कुलूप होतं. मिसबाताईंनी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: तुम्ही काय लपवू शकत नाही? एकीकडून जाहिरात आली, दुसरीकडून सवलत. काहींनी उत्तरच दिलं नाही. एका परदेशी सेवेकडून मात्र कोरडं, सरळ उत्तर आलं. मेलमधला मजकूर आम्ही कुलूपबंद ठेवतो आणि किल्ली तुमच्याकडेच राहते. मेलच्या विषयाची ओळ मात्र कुलूपबंद होत नाही, तिथे नाव लिहू नका. कोर्टाचा हुकूम आला तर आमच्याकडे जे आहे ते द्यावं लागेल, मजकूर मात्र आम्हालाच वाचता येत नाही. तुम्हाला लिहिणारी बाई साधा मेल वापरत असेल, तर तिच्या बाजूची प्रत उघडीच राहील. आणि पासवर्ड व तो विसरल्यास खातं उघडायचा राखीव कोड, दोन्ही हरवले, तर जुने मेल कायमचे गेले.

तेजस्विनी ते वाचून खट्टू झाली. मिसबाताईंना मात्र कितीतरी दिवसांनी कोणीतरी आपल्याशी खरं बोललंय असं वाटलं. तरी त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या सेवेची बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी तेजस्विनीकडून समजावून घेतली आणि मगच खातं काढलं.

संस्थेच्या बैठकीत गुळवणींनी पासवर्ड मागितला. संस्थेची मालमत्ता आहे, अध्यक्षांकडे असायलाच हवी, नाहीतर केंद्रप्रमुख बदलावा लागेल. बाकीचे विश्वस्त आपापल्या बशांकडे बघत बसले.

"बदला," मिसबाताई इतक्या हळू म्हणाल्या की टेबलाच्या टोकाला बसलेल्यांना पुढे वाकावं लागलं. "माझ्या जागी जी येईल तिला पासवर्ड देईन. तुम्हाला नाही. आणि जाण्याआधी केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला सांगून जाईन, तुमचं लिहिलेलं कोणाच्या टेबलावर जात होतं ते."

त्यांना कोणी काढलं नाही. गुळवणीही अध्यक्षपदावर राहिले. रुपालीची माफी मागा, असं मिसबाताईंनी तीनदा कळवल्यावर त्यांनी 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढं लिहून पाठवलं. मिसबाताईंनी तो कागद रुपालीला दाखवला नाही, फाडून टाकला. कारकून अजून तिथेच आहे.

पावसाळा संपत आला तेव्हा रुपाली केंद्रात आली. शुभंकरवर गुन्हा दाखल झाला होता, तो जामिनावर सुटलाही होता. मनगट जुळलं होतं, पण मूठ पुरती वळत नव्हती. ती आता माहेराजवळ दुसऱ्या गावी राहायला निघाली होती. मिसबाताईंनी तिला नवीन पत्ता दिला, तो कसा वापरायचा, काय लिहायचं नाही, सगळं नीट सांगितलं. आता आम्ही सोडून कोणालाही वाचता येणार नाही, असंही म्हणाल्या.

रुपालीने सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात, मॅडम," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मिसबाताईंना तो असता तर बरं वाटलं असतं. "मी आता लिहून काही देणार नाही. सांगायचं असलं तर येईन."

कोणत्या गावी जातेय ते तिने सांगितलं नाही. मिसबाताईंनी विचारलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत त्या तिच्याबरोबर रस्त्यावर उभ्या राहिल्या, मग आत येऊन त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं.